पथ्याचे एग रोल

आई : अजून पिळ. कोबीत पाणी राहिलं की पापुद्रा भिजतो आणि ओव्हनमध्ये फुटतो. तळायचे असते तर चाललं असतं, तेल सगळं झाकून घेतं. भाजताना काही लपत नाही.

कायिंग : पिळतेय गं. पण मी काय विचारलं तुला?

आई : काय विचारलंस?

कायिंग : गुरुवारी बाबांना न्यायला गाडी आली होती का?

आई : आली होती की. शनिवारीही आली. फार गुणी आहे तो सोमाली ड्रायव्हर, दारातच बूट काढतो. दोन्ही दिवशी त्याला सहा-सहा एग रोल बांधून दिले आणि हातानं सांगितलं, आज नाही. डुक्कर खात नाही म्हणून आधी घेईना. मी पापुद्रा उघडून दाखवला, सगळी भाजीच. मग हसला आणि गेला.

कायिंग : म्हणजे दोन्ही वेळा बाबा डायलिसिसला गेले नाहीत.

बाबा : मी इथंच बसलोय. आंधळा-बहिरा झालेलो नाही. मलाच विचार.

कायिंग : बाबा, तुम्ही गेला नाहीत?

बाबा : नाही गेलो. गुरुवारी झोपलो. शनिवारी तुझ्या आईबरोबर मळ्यात जाऊन भोपळ्याचे शेंडे खुडले. चार महिन्यांत पहिला शनिवार माझ्या वाट्याला आला.

कायिंग : सेंटरवाल्यांनी सकाळी मला ऑफिसात फोन केला. मी अर्धी फाईल तशीच टाकून आले. त्यांना वाटलं तुम्ही गावाला गेलात.

बाबा : कुठल्या गावाला जाणार? गाव लाओसच्या डोंगरात राहिलं. सेंट पॉलात माझं गाव म्हणजे ही खुर्ची.

आई : आणि तू आल्या आल्या असं तोंड करून बसलीस. बाह्या वर कर आणि गाजर किस. बारीक किस, जाड राहिलं तर शिजत नाही. बघ, सगळं शिकलेय मी. डुकराचा खिमा नाही, मासळीचा सॉस नाही, मीठ चिमूटभरही नाही. कोबी, गाजर, मुगाच्या शेवया, कांद्याची पात, सारण बांधायला एक अंडं आणि हिरवी पानं. वरून ब्रशानं तेलाचा हात. चाळीस वर्षं मी कढईभर तेलात तळले, आता म्हातारपणी शाळेत बसल्यासारखी नवीन शिकतेय.

बाबा : चव पण शाळेतल्या पुठ्ठ्याचीच आहे.

आई : आणि तरी काल चार खाल्लेत.

बाबा : तू समोर बसली होतीस.

कायिंग : आई, ही हिरवी पानं कसली?

आई : भोपळ्याचे शेंडे, पालक, मोहरीची पानं. आपल्या मळ्यातली, खत-औषध काही नाही. रक्त वाढतं यांनी.

कायिंग : मी फ्रिजवर चित्रांची यादी लावली होती ना? यांना काय चालत नाही त्याची?

आई : लावलीस की. केळ्यावर काट मारलेली, बटाट्यावर, टोमॅटोवर. यातलं काही दिसतंय का तुला या पातेल्यात?

कायिंग : पानांवरही काट होती.

आई : ती काट होती? मला वाटलं देठ आहे.

कायिंग : आई.

आई : एवढंसं चित्र काढतात, माणसानं ओळखायचं कसं? बरं, नाही घालत. काढून ठेवते, कोंबडीबरोबर आपण खाऊ. पालेभाजीनं कुणाचं वाईट झालेलं मी आयुष्यात ऐकलं नाही, पण तू सांगतेस म्हणून.

कायिंग : आतापर्यंत किती खाल्लेत त्यांनी पानं घातलेले?

आई : रोज सकाळ-संध्याकाळ. विचार ना त्यांना, किती बरं वाटतंय ते.

बाबा : बरं वाटतंय.

कायिंग : मोजे काढा.

बाबा : कशाला?

कायिंग : काढा ना, बाबा. हे बघा, मोज्याचा वळ किती खोल पडलाय. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतोय. रात्री उशा किती घेता?

बाबा : तीन.

कायिंग : आधी एक घेत होतात.

बाबा : तुझी आई घोरते. डोकं उंच ठेवलं की कमी ऐकू येतं.

आई : मी घोरते? हे बसून झोपतात आणि हापसा हापसल्यासारखा श्वास घेतात, त्यानं मला झोप लागत नाही.

कायिंग : ऐकलंत? हे चांगलं नाही. आज मंगळवार आहे. आज एक वाजता गाडी येईल, तिच्यात बसा. मी बरोबर येते.

आई : नाही बसायचं. पोरी, तू शिकलीस, पण थोडा इकडचाही विचार कर. त्या डॉक्टरच्या खोलीत कोण बोललं होतं? तूच. वसंतातली गोष्ट, अजून बर्फ होतं. तू म्हणालीस, किडन्या थकल्यात, मशीन त्यांना हात देईल, खाणंपिणं सांभाळा. शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे. मग चार महिने हात दिला ना मशीननं? थकलेल्या बैलाला किती दिवस जुंपायचं? त्याला सोडायचं, सावलीत बांधायचं, हिरवा चारा घालायचा. आठ दिवसांत उभा राहतो. माझ्या बापानं असे किती बैल उठवले.

कायिंग : ते बैल होते, आई.

आई : थकवा सगळ्यांचा सारखाच. आणि ती मशीन काय करते माहीत आहे? मी एकदा बघून आले. अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून नळ्यांतून फिरवते. माणूस थंडगार. रक्त बाहेर गेलं की जीवही बाहेर जातो, आणि परत येताना वाट चुकतो. देवऋषींनी सांगितलं, यांच्या अनेक जीवांतला एक त्या इमारतीतच घुटमळतोय. म्हणून मागच्या रविवारी दारात अंडं-तांदूळ ठेवून बोलावला त्याला, मनगटाला दोरे बांधले. तेव्हापासून बघ चेहऱ्यावर रंग आहे.

कायिंग : तो रंग नाही, सूज आहे.

आई : घरात आल्यापासून एक तरी शुभ बोललीस का तू?

बाबा : जाऊ दे. ती कामावरून धावत आलीय.

आई : मीपण सकाळपासून उभी आहे. हे बघ कायिंग, पापुद्र्याचं टोक आपल्याकडे, सारण आडवं, दोन्ही बाजू आत, मग घट्ट गुंडाळायचं. तुझा ढिला होतोय. सासूनं शिकवलं नाही वाटतं काही.

कायिंग : पापुद्रे पुरणार नाहीत, आई. तळघरातल्या फ्रीजरमधून एक पाकीट आणतेस?

आई : पुरतील.

कायिंग : नाही पुरणार. सारण बघ किती आहे.

आई : तू कधीपासून अंदाज सांगायला लागलीस? बरं, हे पहिलं ताट ओव्हनमध्ये सरकवते आणि आणते. कोथिंबिरीच्या पिशव्यांखाली कुठंतरी गेलंय, शोधावं लागेल. तोवर कडा चिकटव. बलक लाव, पांढरं लावू नकोस, सुटतं.

(आई तळघराच्या पायऱ्या उतरून जाते.)

बाबा : पाकिटं दोन इथंच आहेत, या बाजूच्या खुर्चीवर. तिला दिसली नाहीत, मला दिसली. बोल.

कायिंग : डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.

बाबा : कसं?

कायिंग : थकल्यात असं. तो माझा शब्द होता.

बाबा : मग त्याचा कोणता होता?

कायिंग : त्या दिवशी हॉस्पिटलनं दुभाषी दिला होता, आठवतं? टीव्हीसारख्या पडद्यावर. तुम्ही त्याला बंद करायला लावलंत.

बाबा : परक्या कुळातला पोरगा. माझ्या पोटातलं त्यानं कशाला ऐकायचं? म्हटलं, माझी लेक आहे. नऊ वर्षांची असल्यापासून हिनंच आमचं तोंड होऊन काम केलंय. घरमालक, बँक, शाळा, सगळीकडे. तुझ्या बाई तुझी तक्रार करत होत्या आणि तू आम्हाला सांगितलंस, बाई म्हणतात कायिंग फार हुशार आहे. तुझ्या आईनं खूश होऊन त्यांना काकड्या पाठवल्या.

कायिंग : तुम्हाला कळलं होतं?

बाबा : बाईंचं तोंड बघून कळत होतं.

कायिंग : मग डॉक्टरांचं तोंड बघून?

बाबा : त्यानं मास्क लावला होता.

कायिंग : बाबा, मी तेव्हाही तसंच केलं. शाळेत केलं तसंच. ते बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हे आपल्या भाषेत बोलायचं कसं? आपल्यात असं कुणी बोलतं का? आजीला, काकांना, कुणाला कधी कुणी तोंडावर असं सांगितलंय? मग मी म्हटलं, थकल्यात. मला वाटलं, तुम्ही मशीनला तर जाताय, मग शब्दानं काय फरक पडतो.

बाबा : काय म्हणाला तो?

कायिंग : इथं नाही बोलता येणार, घरात तसलं बोललं की खरं होतं. समोर भिंतीवर देवाचा कागद आहे. कोंबडीची पिसंसुद्धा नवीन लावलीत तुम्ही त्याला.

बाबा : मग बाहेर चल.

कायिंग : सात पायऱ्या आहेत. तुम्हाला धाप लागेल.

बाबा : तर मग तू जा. दार उघड आणि उंबऱ्यावर उभी राहा. तोंड रस्त्याकडे कर. घरात बोललीस असं होणार नाही. मला ऐकू येतं.

कायिंग : समोरच्या बाई झाडांना पाणी घालतायत.

बाबा : तिला आपली भाषा येत नाही. बोल.

कायिंग : बाबा...

बाबा : तुझी आई वर यायच्या आत बोल.

कायिंग : ते म्हणाले, यांच्या किडन्या बंद पडल्यात. दमलेल्या नाहीत, बंदच. खाऊन, झोपून, औषधानं, कशानंही परत चालू होणार नाहीत. इथून पुढं त्यांचं काम ती मशीनच करणार, आठवड्यातून तीनदा, कायम. आणि मशीन थांबवली तर...

बाबा : तर?

कायिंग : तर दोन आठवडे. कुणाला थोडे जास्त मिळतात, कुणाला तेवढेही नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, हे सगळं वडिलांना नीट सांगितलंस ना? मी म्हटलं, हो.

बाबा : झालं?

कायिंग : झालं.

बाबा : आत ये. दार लाव, माश्या येतायत.

कायिंग : काहीतरी बोला.

बाबा : शेवटचा मी गेलो तो मागचा मंगळवार. म्हणजे सात दिवस झाले.

कायिंग : हो.

बाबा : आणि ती पानं.

कायिंग : पानांतले क्षार रक्तात साठतात, त्यानं अजून लवकर होतं. म्हणून त्यांच्यावर काट होती.

बाबा : तुझ्या आईला हे कधी सांगू नकोस. रोज सकाळी दव असताना जाऊन कोवळे कोवळे बघून खुडत होती.

कायिंग : माझी चूक आहे, बाबा. तिची नाही, तुमचीपण नाही. मी एक शब्द मऊ केला आणि तुम्ही दोघं त्याच्यावर घर बांधून बसलात.

बाबा : मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आम्ही मेकाँग नदी ओलांडली. पलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा बाप नव्हता. आईला विचारलं, तर म्हणाली, मागे राहिलाय, येईल. थायलंडच्या छावणीत दोन वर्षं मी माझ्या भातातला एक घास त्याच्यासाठी बाजूला ठेवायचो. आईनं कधी अडवलं नाही. एवढंच, की रोज संध्याकाळी तो घास कोंबड्यांना घालायची. एक दिवस मीच ठेवणं बंद केलं. तिनं तेही नुसतं बघितलं. आपल्यात हे असंच सांगतात. मरेल म्हणायचं नाही, एकशेवीस वर्षं झाली की जाईल म्हणायचं; मेला म्हणायचं नाही, मागे राहिलाय म्हणायचं. तू वेगळं काही केलं नाहीस.

कायिंग : पण आजी खोटं बोलली त्यानं आजोबा मेले नाहीत.

बाबा : नाही. ते आधीच मेले होते.

कायिंग : मग मी काय करायला हवं होतं? गप्प बसले तर तुम्ही मशीनला जाणार नाही. बोलले तर माझ्या तोंडून निघालं म्हणून तसंच होणार. रात्रभर हेच घोळत होतं असं नाही, चार महिने घोळतंय. फेंग इथं असता तर त्याच्यावर टाकलं असतं. तो मुलगा आहे, घरचा आहे. मी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली, मला तर या घरात असं काही बोलायचा हक्कच नाही.

बाबा : फेंग कॅलिफोर्नियात बसून म्हणेल, ताईला विचारा.

कायिंग : तुम्ही रागावलात का?

बाबा : रागावलो असतो तर बरं झालं असतं. मला खरंच वाटलं होतं, पोरी. मागच्या आठवड्यात मळ्यात उभा होतो, ऊन होतं, तुझी आई पुढं बडबडत चालली होती, आणि मला वाटलं, सुटलो. अजून एक-दोन महिने हे पुठ्ठे खायचे आणि मग सुटलो. लहान पोरासारखं वाटलं.

कायिंग : गाडी येईल आता. बसाल ना?

बाबा : आणि नाही बसलो तर?

कायिंग : नका असं करू.

बाबा : विचारतोय नुसतं. तिथं चार तास छताकडे बघायचं. शेजारच्या खुर्चीवर तो म्हातारा होता, मेक्सिकोचा, आम्ही एकमेकांना नुसती मान हलवायचो. जुलैपासून त्याच्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी असतो. म्हणजे मशीन तरी कुठं ठेवते कायमचं. दोन आठवडे घरात, तुझ्या आईच्या हातचं खात, हेही काही वाईट नाही.

कायिंग : मी बोलायलाच नको होतं.

बाबा : बोललीस ते बोललीस. आता ऐक. मी घरी बसलो आणि गेलो, तर मातीला आपल्या लोकांच्या अठराही कुळांतली माणसं येतील. तीन दिवस ढोल वाजेल, सगळे जेवतील आणि बोलतील. तुझी आई रडत रडत सांगेल, लेक आली, उंबऱ्यात उभी राहून असं असं बोलली.

कायिंग : तिनं ऐकलं नाही.

बाबा : समोरच्या बाईनं बघितलंय, अजून कुणीतरी बघेल. कळतं. मग म्हणतील, वाशोंगला किडनीनं नेलं नाही, लेकीच्या तोंडानं नेलं. तू म्हातारी होशील तरी तुझ्या मागून हे बोलतील.

कायिंग : बोलू देत. मला त्याचं काही नाही.

बाबा : मला आहे. बूट दे माझे.

कायिंग : येता?

बाबा : पायात शिरतील का बघ. नाहीतर सपाता दे. आणि ते घोंगडं घे, तिथं थंडी वाजते.

कायिंग : बाबा, माझ्यासाठी म्हणून नका जाऊ.

बाबा : मग कुणासाठी जाऊ? माझ्यासाठी मी इथंच बसलो असतो. डोळे पूस, ती येतेय. धाडधाड पाय वाजतायत.

आई : नाहीच मिळालं. सगळा फ्रीजर उपसला, गेल्या वर्षीच्या मिरच्या निघाल्या. अहो, हे काय? सपाता कशाला घातल्या?

बाबा : निघालोय. गाडी येईल.

आई : कुठं? मशीनला? अगं कायिंग, मी दहा मिनिटं खाली गेले तेवढ्यात यांचं डोकं फिरवलंस?

बाबा : तिनं नाही. डॉक्टरांचाच निरोप आलाय. ती मघापासून तेच सांगायला बघतेय, तू बोलू दिलंस कुठं.

आई : काय निरोप?

बाबा : म्हणाले, आठ दिवस विश्रांती झाली, चांगलं झालं. आता थोडं थोडं काम लावायचं, नाहीतर बैल बसकण मारतो. मशीनही पाहिजे आणि पथ्याचं जेवणही पाहिजे. एकानं भागत नाही.

आई : असं म्हणाले?

बाबा : हो. म्हणाले, बायकोला सांगा, घरचं जेवण चालू ठेवा.

आई : मग मी तेच म्हणत होते ना? जेवणाचा गुण येतोय. या पहिल्या ताटातले भाजून झालेत, चार डब्यात घालते. आजचे पानं नसलेले आहेत. तिथं छताकडे बघत बसण्यापेक्षा खात बसा. ड्रायव्हरलाही दोन.

कायिंग : आई, मी भरते डबा. तू बस जरा.

आई : बसायला काय झालंय मला? आणि तू रडलीस का?

कायिंग : कांद्याची पात चिरत होते.

आई : पात मी सकाळीच चिरून ठेवलीय. इकडे बघ. यांचं काय, हे सगळं गोड करूनच सांगतात. लग्न झाल्यापासून मला एक वाईट बातमी यांनी धड सांगितली नाही. आणि यांना तरी इंग्रजी कुठं येतं? जे काही ऐकलंय ते तुझ्याकडूनच. म्हणून तुला विचारते. यांच्या किडन्या बऱ्या होतील असं डॉक्टर स्वतः म्हणाले?

बाबा : गाडी लागली दारात. चल, कायिंग.

आई : थांबा हो, तो थांबतो. कायिंग, तू सांग. तू सांगशील ते मी धरून चालेन.

कायिंग : हो, आई. असंच म्हणाले.